नव्या एसएसडीवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना अडलात तर

गेल्या मे महिन्यात एका दुपारी, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, मी एक ‘मेलेली’ एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) पिशवीत घालून दुसऱ्यांदा नागपूरच्या बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. आदल्या रात्री ती मुलीच्या लॅपटॉपमध्ये बसवली होती. विंडोजचा पेनड्राइव्हही नीट चालू झाला होता, पण डिस्क निवडण्याच्या पडद्यावर रिकामी चौकट आणि एकही ड्राइव्ह सापडला नाही अशा अर्थाची ओळ, एवढेच दिसत होते. मी डिस्क खराब ठरवून मोकळा झालो. दुकानातल्या मुलाने ती काउंटरवरच्या मशीनमध्ये घातली, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, “काका, डिस्क तर बराबर दिसून राहिली. तुमच्या बायोसमध्ये व्हीएमडी चालू असेल, ते पाहा.” बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम, आणि व्हीएमडीचे सहाव्या पायरीत येईल. घरी येऊन ते पाहिले आणि पाच मिनिटांत काम मार्गी लागले.

त्यानंतर घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे मिळून चार-पाच लॅपटॉप माझ्या हातून गेले. डिस्क खरोखरच खराब आहे, असे त्यांपैकी एकदाही निघाले नाही. म्हणून काम अडले, की दुरुस्तीला लागण्यापूर्वी ते कोणत्या टप्प्यावर अडले आहे हे ठरवावे. लॅपटॉपच्या बायोसला डिस्क दिसते का? इन्स्टॉलरला दिसते का? इन्स्टॉलर तिच्यावर लिहू शकतो का? आणि लिहून झाल्यावर लॅपटॉप तिच्यावरून सुरू होतो का? प्रत्येक प्रश्नाचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसल्याने रात्र वाया जाते.

१. विकत घेण्यापूर्वी जागा ओळखा

एसएसडीचे तीन प्रकार नेहमी भेटतात. अडीच इंची साटा डिस्क जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसते. एम.२ आकाराची पट्टी दोन जातींची असते, एक साटा आणि दुसरी एनव्हीएमई (या दोन्ही डिस्कने लॅपटॉपशी बोलण्याच्या वेगवेगळ्या पद्धती). या दोन्ही पट्ट्या दिसायला जवळजवळ सारख्या असल्याने पहिली फसगत येथेच होते. पट्टीच्या सोनेरी टोकाला दोन चिरा असतील तर ती बहुधा साटा असते आणि एकच चीर असेल तर बहुधा एनव्हीएमई. काही जुन्या लॅपटॉपांतील एम.२ खाचेत एनव्हीएमई पट्टी व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण ती खाच केवळ साटाची असल्यामुळे बायोसला काहीही दिसत नाही. अशा वेळी कोणतीही सेटिंग कामाला येत नाही, पट्टीच बदलून घ्यावी लागते. म्हणून लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक (तो तळाच्या लेबलावर असतो) कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपशील पाहून घ्या, आणि मगच बर्डीला जा.

लांबीही पाहावी. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपांत २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते.

येथेच एक गैरसमज दूर करतो. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी आणि १ टीबीची ९३१ जीबी दिसते. यात दुकानदाराने काही काढून घेतलेले नसते. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे.

२. आधी जमवून ठेवायच्या वस्तू आणि कागद

- एसएसडीचे जीएसटी बिल, ज्यावर डिस्कचा सिरियल क्रमांक लिहिलेला आहे. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागताना त्रास होतो.
- लॅपटॉपच्या वॉरंटीचा कागद. मागचे झाकण स्वतः उघडल्यास वॉरंटीचे काय होते, हे वॉरंटी चालू असल्यास आधीच विचारून घ्यावे.
- किमान ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह. त्यावरील सर्व माहिती पुसली जाणार आहे.
- ड्रायव्हरसाठी दुसरा, लहानसा पेनड्राइव्ह. याचे महत्त्व सहाव्या पायरीत कळेल.
- लहान फुलीचा पेचकस आणि झाकणाच्या कडा सोडवण्यासाठी एखादे जुने प्लास्टिकचे कार्ड.
- फोनची यूएसबी केबल.
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आणि ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की (विंडोजने कुलूपबंद केलेली डिस्क उघडणारा क्रमांक).

शेवटच्या ओळीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्कचे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेले असते. बायोसमधील एखादी सेटिंग बदलली, किंवा जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून फोटो काढायला गेलात, की निळ्या पडद्यावर ती की मागितली जाते. की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असल्यास तेथून मिळते, पण ते खाते कोणाच्या नावाचे आहे हेच घरात कोणाला आठवत नसेल तर जुनी माहिती गेली असे समजा. काम सुरू करण्यापूर्वी ही की वहीत हाताने उतरवून घ्यावी आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी.

३. पेनड्राइव्ह तयार करणे

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे नव्या डिस्कवर तेच पुन्हा टाकण्यात फारसा अर्थ नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (लॅपटॉपमधील सुरक्षेची व्यवस्था), सिक्युअर बूटची सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. लॅपटॉप त्याहून जुना असेल तर माझे मत असे आहे, की आडवाटेने विंडोज ११ बसवण्यापेक्षा लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकावे. घरातील ब्राउझर, पत्रे आणि हिशेब एवढ्यासाठी ते पुरेसे होते.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूल हा सर्वांत सरळ मार्ग आहे. रुफस हा पेनड्राइव्ह तयार करणारा प्रोग्राम वापरणार असाल तर पार्टिशनच्या रकान्यात जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवण्याची नवी पद्धत, जुनी ती एमबीआर) आणि त्याशेजारच्या रकान्यात यूईएफआय (बायोसचा नवा अवतार, जुना तो लेगसी) निवडा. आयएसओ फाइल (विंडोजची डाउनलोड केलेली अखंड प्रत) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून ठेवल्याने लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू, म्हणजे बूट, होत नाही. हे सांगण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते, पण दोनदा आली. दुकानात पन्नास-शंभर रुपयांत ‘विंडोज भरून’ मिळणारा पेनड्राइव्हही घेऊ नये, कारण त्यात कोणी आणखी काय भरले आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

४. डिस्क बसवताना

लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवावी आणि मग पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवावे. एम.२ पट्टी आडवी ढकलायची नसते. साधारण ३० अंशांच्या तिरक्या कोनात ती खाचेत पूर्ण आत सरकवावी, मग हलकेच खाली दाबून स्क्रू लावावा. पट्टी नीट आत गेली असेल तर सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे होतात. अर्धा मिलिमीटर जरी बाहेर राहिली तरी ‘डिस्क दिसत नाही’ हा प्रकार घडतो. स्क्रू फार लहान असतो आणि फरशीवर पडला की सापडत नाही, त्यामुळे खाली पांढरा पंचा अंथरून बसावे.

आपल्याकडच्या हवेमुळे दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात. उन्हाळ्यात उघडा लॅपटॉप घेऊन कूलरसमोर बसू नका, कारण गार हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषारही येतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत लोकरी स्वेटर घालून काम केल्यास अंगावर स्थिर वीज साठते, तेव्हा पट्टीला हात लावण्यापूर्वी नळाला किंवा एखाद्या उघड्या धातूला हात लावून घ्यावा.

५. पहिला प्रश्न: बायोसला डिस्क दिसते का?

लॅपटॉप सुरू होताच बायोसची कळ दाबत राहावी. डेल, एसर आणि असुसमध्ये ती सहसा एफ२ असते, लेनोव्होमध्ये एफ१ किंवा एफ२ आणि एचपीमध्ये एफ१०. पेनड्राइव्ह निवडण्याच्या बूट मेन्यूसाठी डेल, लेनोव्हो आणि एसरमध्ये एफ१२, एचपीमध्ये एफ९ आणि असुसमध्ये एस्केप वापरतात. एसरमध्ये एफ१२ चा मेन्यू आधी बायोसमधून चालू करावा लागतो.

स्टोरेजच्या यादीत नव्या डिस्कचे नाव दिसले, तर डिस्क जिवंत आहे आणि तुम्ही बर्डीला जाण्याची गरज नाही. दिसले नाही, तर क्रमाने तीन गोष्टी कराव्यात. पट्टी काढून पुन्हा बसवावी, पहिल्या पायरीतील साटा-एनव्हीएमईची जुळणी तपासावी, आणि डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये किंवा यूएसबी केसिंगमध्ये घालून पाहावी. केसिंगही त्या जातीचेच लागते, हे विसरू नका. हे तिन्ही करूनही ती दिसली नाही तरच ती परत करायला न्यावी.

६. दुसरा प्रश्न: बायोसला दिसते, पण इन्स्टॉलरला दिसत नाही

माझी फेरी फुकट गेली ती येथेच. साधारणतः अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची व्यवस्था असते, जी एनव्हीएमई डिस्कला स्वतःच्या नियंत्रकामागे घेते. त्या नियंत्रकाशी बोलणारा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये नसेल, तर डिस्क समोर असूनही इन्स्टॉलरला ती दिसत नाही. यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणे. हा पर्याय बहुधा ॲडव्हान्स्ड किंवा स्टोरेज या विभागात असतो. एसरच्या काही मॉडेलांत तो लपवलेला असतो आणि मेन या पानावर कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्यावरच प्रकट होतो. कोणाला हे कसे सुचावे, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. नवी, कोरी डिस्क असेल तर हा उपाय निर्धोक आहे. मात्र त्याच लॅपटॉपमध्ये चालू विंडोज असलेली दुसरी डिस्क तशीच ठेवणार असाल, तर ही सेटिंग बदलल्यावर ते जुने विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडू शकते.

दुसरा उपाय म्हणजे ड्रायव्हर पुरवणे, आणि दुसरा पेनड्राइव्ह त्यासाठीच हवा. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलपुढे इंटेल आरएसटी या नावाने हा ड्रायव्हर मिळतो. तो बहुधा एका चालवायच्या फाइलीच्या रूपात असतो आणि इन्स्टॉलरला ती फाइल वाचता येत नाही. त्याला हवा असतो तो उलगडलेला फोल्डर, ज्यात आयएनएफ या शेपटाच्या फायली दिसतात. हा मोठा सापळा आहे, कारण माणूस ड्रायव्हर योग्य तोच आणतो, गुंडाळलेला देतो आणि तो चालत नाही असे ठरवून बसतो. फोल्डर उलगडून पेनड्राइव्हवर ठेवावा, डिस्क निवडण्याच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबावे आणि तो फोल्डर दाखवावा. यादीत व्हीएमडी असे नाव असलेली ओळ निवडली, की काही सेकंदांत डिस्क प्रकट होते.

मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे, कारण त्यात कंपनीने ठेवलेली सेटिंग तशीच राहते. उबंटू टाकणाऱ्यांना मात्र पहिलाच उपाय करावा लागू शकतो, कारण आरएसटी (व्हीएमडीशी जोडलेली इंटेलची तीच साठवण व्यवस्था) चालू आढळल्यास उबंटूचा इन्स्टॉलर ते बंद करून यायला सांगतो.

७. तिसरा प्रश्न: डिस्क दिसते, पण तिच्यावर लिहिले जात नाही

कोऱ्या डिस्कवर ‘अनॲलोकेटेड स्पेस’ अशी एकच ओळ दिसते. ती निवडून पुढे जावे, हातांनी पार्टिशन करू नयेत. इन्स्टॉलर स्वतःच बूटसाठी लहान पार्टिशन आणि इतर आवश्यक तुकडे पाडतो. सी, डी, ई असे तीन भाग पाडून घेण्याची आपली जुनी सवय आहे, आणि दुकानातही ‘विंडोज मारताना’ तसे करून देतात, पण सी भरून जातो आणि डी रिकामा राहतो हा अनुभव सर्वांनाच असेल.

डिस्क एमबीआर प्रकारची आहे म्हणून विंडोज बसत नाही, असा संदेश आला तर डिस्क आधी कोठेतरी वापरलेली किंवा दुसऱ्या मशीनमध्ये मांडणी केलेली आहे. उलट, ती जीपीटी असल्याची तक्रार आली, तर दोष डिस्कचा नाही. तुम्ही पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केला आहे. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यांपैकी यूईएफआय असे लिहिलेली ओळ निवडावी.

एमबीआरच्या बाबतीत शिफ्ट आणि एफ१० (काही लॅपटॉपांत जोडीला एफएन) दाबून काळी खिडकी उघडावी. पुढील आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आहेत, येथे मी उच्चार दिले आहेत. प्रत्येक आज्ञेनंतर एंटर दाबावे.

- डिस्कपार्ट
- लिस्ट डिस्क
- सिलेक्ट डिस्क ०
- क्लीन
- कन्व्हर्ट जीपीटी
- एक्झिट

तिसऱ्या ओळीतील शून्य माझ्या लॅपटॉपमधील क्रमांक आहे, तुमचा वेगळा असू शकतो. दुसऱ्या आज्ञेनंतर येणाऱ्या यादीत आकार पाहूनच क्रमांक ठरवावा. ‘क्लीन’ ही आज्ञा तुम्हाला ‘नक्की का?’ असे विचारत नाही आणि चुकीच्या डिस्कवर चालली तर त्यावरील सर्व पार्टिशन क्षणात नाहीशी होतात. त्यामुळे या वेळी बाहेरची बॅकअप डिस्क जोडलेली नसावी. इन्स्टॉलर पार्टिशन तयार करता आले नाही असे सांगत असेल, तेव्हाही मेमरी कार्ड आणि जास्तीचे यूएसबी काढून टाकल्यावर बरेचदा काम पुढे सरकते.

८. अर्ध्यात थांबणारे इन्स्टॉलेशन

फायली कॉपी होताना ०एक्स८००७०५७० असा क्रमांक दिसून काम थांबले, तर एखादी फाइल खराब किंवा वाचता न येणारी आहे. आधी दुसरा पेनड्राइव्ह नव्याने तयार करून, दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहा. तरीही तसेच झाले आणि लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक ठेवून प्रयत्न करा. दोष रॅममध्ये असतो आणि आळ एसएसडीवर येतो, असेही होते.

चार्जर लावलेला आणि बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. मे-जूनमध्ये संध्याकाळी वादळ उठले की आपल्याकडे लाइट जाते, तेव्हा हे काम शक्यतो सकाळी करावे.

९. चौथा प्रश्न: सगळे झाले, पण लॅपटॉप सुरू होत नाही

इन्स्टॉलेशन पहिल्यापासून पुन्हा सुरू झाले असे वाटले, तर घाबरू नका. पहिल्या रीस्टार्टला लॅपटॉप पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू झाला आहे, एवढेच. पडदा काळा होताच पेनड्राइव्ह काढून घ्यावा.

‘बूट होण्याजोगी डिस्क नाही’ या संदेशाची कथा वेगळी आहे. प्रतापनगरला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्यांच्या लॅपटॉपमध्ये जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून मी नव्या एसएसडीवर विंडोज टाकले. आठवडाभर उत्तम चालले. मग जागा रिकामी करावी म्हणून हार्ड डिस्क काढली आणि लॅपटॉप सुरू होईना, कारण इन्स्टॉलरने विंडोज एसएसडीवर टाकले होते, पण बूटच्या फायली जुन्या डिस्कवर आधीपासून असलेल्या पार्टिशनमध्येच ठेवल्या होत्या. चूक माझी होती. पुन्हा सगळे करावे लागले आणि मेव्हण्यांनी चहा पाजला तरी त्यांचा चेहरा काही बोलायचा राहिला नाही. इन्स्टॉलेशनच्या वेळी लॅपटॉपमध्ये नवी डिस्क आणि पेनड्राइव्ह यांशिवाय साठवणीचे दुसरे काहीही नसावे. जुनी डिस्क काढता येत नसेल, तर निदान बायोसमध्ये ती बंद करावी.

१०. नेट, ड्रायव्हर आणि ॲक्टिव्हेशन

विंडोज ११ पहिल्या सेटअपमध्ये इंटरनेट मागते आणि नेमका त्याच वेळी वायफायचा ड्रायव्हर नसतो. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले, की बहुधा नेट मिळते. नाहीतर वायफायचा ड्रायव्हरही दुसऱ्या पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवावा.

लॅपटॉपबरोबर अधिकृत विंडोज आले असेल तर नवी की विकत घेऊ नका. विंडोज ८ च्या काळापासून अशा लॅपटॉपांची की मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते आणि डिजिटल परवानाही मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्याने तो जात नाही. आवृत्ती मात्र तीच हवी. होमच्या परवान्यावर प्रो टाकल्यास ॲक्टिव्हेशन होणार नाही.

११. जुनी डिस्क पुसण्यापूर्वी

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवून नव्या डिस्कचे आरोग्य आणि एकूण चाललेले तास पाहा. नवी म्हणून घेतलेली डिस्क काही शे तास चाललेली दिसली, तर पडद्याचा फोटो आणि बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जावे. जुनी डिस्क किमान महिनाभर, तिच्यावर तारीख लिहून, जशीच्या तशी कपाटात ठेवावी. मुलीच्या प्रोजेक्टचा एक फोल्डर डेस्कटॉपवर नव्हे, तर सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवलेला होता, आणि त्याची आठवण तिला सबमिशनच्या आदल्या रात्री, बरोबर एकोणिसाव्या दिवशी झाली.